माळ्यावरचे पाते

सातारा,
३ मार्च १९७६

कै. सौ. हरणाबाई नाथाजी सरगर,

तुझ्या नावामागे 'कै.' लिहिताना लेखणी थांबली, हे प्रथम नमूद करतो. तीस वर्षांच्या संसारात तुला मी एकही पत्र लिहिले नाही; कारण चार दिवसांहून अधिक काळ तू मला सोडून कोठे राहिली नाहीस. आज तुला जाऊन एकवीस दिवस झाले.

रुग्णालयात शेवटच्या सकाळी तू म्हणालीस, "माळ्यावरलं लाकूड ज्याचं त्याला द्या. माझ्याच्यानं कवा झालं न्हाई." मी "देतो" म्हणालो. कोणाचे, हे विचारण्यापूर्वी परिचारिकेने मला बाहेर पाठविले. परत आत आलो तेव्हा विचारण्याजोगे काही उरले नव्हते.

काल ते लाकूड माळ्यावरून उतरविले. तुझ्या माहेरच्या घोंगडीत ते गुंडाळलेले होते. दर दिवाळीस तू त्याला करडईचे तेल चोळत असायचीस आणि मी ती माहेरची हौस समजत असे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तू ते माझ्यापुढे ठेवून विचारले होतेस, "ह्यानं पाणी ढकलत्यात का वारं?" मी त्याचा पीळ पाहिला आणि हे पाणचक्कीचे पाते आहे, असे सांगितले. पाणचक्कीवर अर्धा तास बोललोही. तू "असंल" म्हणालीस आणि ते पुन्हा गुंडाळून ठेवलेस.

धामणमाळच्या कोणत्या ओढ्यास पाणचक्की फिरविण्याइतके पाणी असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. काल पडला.

येत्या ३१ मे रोजी मी सेवानिवृत्त होत आहे व महाविद्यालयाचे हे निवासस्थान त्याच दिवशी सोडावयाचे आहे. तत्पूर्वी तुला दिलेला शब्द पुरा करावयाचा आहे. वस्तू कोणती, हे मला ठाऊक नाही. मालक कोण, हेही ठाऊक नाही. पदार्थविज्ञानाचा अध्यापक म्हणून 'ठाऊक नाही' हे दोन शब्द मी फार कमी वेळा उच्चारले आहेत. सवय नसल्याने ते जड जातात.

तुझा,
नाथाजी

*

सातारा,
४ मार्च १९७६

श्री. भाऊसो अर्जुना मेटकरी,
मु. धामणमाळ, ता. खानापूर, जि. सांगली

सा. न. वि. वि.

आपल्या भगिनीच्या सामानात एक लाकडी वस्तू मिळाली आहे. लांबी तीन फूट एक इंच, मधली रुंदी साडेपाच इंच. एक टोक निमुळते व पिवळे, दुसरे तुटलेले. बाकी सर्व काळा रंग. ती लग्नाच्या वेळी धामणमाळहून आली होती. आपण तिचे थोरले बंधू. ही वस्तू काय व कोणाची, हे आपणास माहीत असल्यास कळवावे. ज्याची आहे त्याला ती द्यावी, असे तिचे शेवटचे सांगणे होते.

आपला,
ना. ग. सरगर

*

धामणमाळ,
१४ मार्च

दाजींस भाऊसोचा रामराम.

तुमचं कार्ड पावलं. दाजी, कार्डावर फूट आन् इंच लिवू ने. पोष्टमननं चावडीपाशी मोठ्यानं वाचलं, आन् समद्या वस्तीत झालं की पावण्यांनी बायकू गेल्यावर रुखवताची मोजदाद काढली. दगडाबाई, म्हंजी आमची कारभारीण, दोन दिस जेवली न्हाई. म्हणली, "पाट कमी दिला व्हता का काय आपण?"

तसलं लाकूड आमच्या घरचं न्हाई. सुतारानं कायतरी टाकल्यालं हरणीनं उचललं आसंल. लहानपणापास्नं तिला नाद. मनावर घेऊ नगा.

तुमी जेवता का? तुमच्या खानावळीत नुसता बटाटा आसतो आसं हरणी सांगायची. येष्टीतनं हुलग्याचं पीठ पाठिवलंय. पाणी उकळल्यावर पीठ टाकायचं, आधी न्हाई. तुमी आधी टाकताल म्हणून लिवलं.

भाऊसो

*

सातारा,
२९ मार्च १९७६

श्री. भाऊसो यांस,
सा. न. वि. वि.

पीठ पोहोचले. पत्र येण्यापूर्वीच मी ते आधी टाकले होते. दुसऱ्या वेळी बरे झाले. कार्डाबद्दल सौ. दगडाबाईंची क्षमा मागतो. यापुढे बंद पाकीट वापरीन.

वस्तूची ओळख पटली आहे. माझ्या प्रयोगशाळेतील सेवकाचे मामा, आकाराम बर्गे, कोरेगावचे. हवाई दलात बावीस वर्षे यंत्रकाम करून निवृत्त झाले. ते काल घरी आले. मी पाते मेजावर ठेवले आणि माझे मत सांगितले.

"पाणचक्की?" ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ हसले. "सर, रागावू नका. ह्याला पाणी लागलं तर आठ दिसात फुगून सरस सुटंल. ह्यो एक लाकडाचा तुकडा न्हाई, बघा. कडंनं मोजा."

मी मोजले. एकावर एक चिकटविलेले सात थर होते. तीस वर्षांत मी ते मोजले नव्हते.

त्यांनी एका कोपऱ्यातला रंग नखाने खरवडला. खाली कापड निघाले. तुटक्या टोकास दोन अर्धवर्तुळाकार खाचा आहेत. "ही बोल्टाची भोकं. पंखा मधनं मोडलाय, ही एक बाजू. दुसरी तिकडं विमानाला ऱ्हायली आसंल. हे टायगर मॉथचं पातं, सर. लढाईतलं. नव्या पोरास्नी उडायला शिकवायचं विमान. मी अशी शंभर तरी बसवली आसतील."

"खात्री आहे?"

"तुमची बायकू तुमी वळखता का न्हाई? तसं." एवढे बोलून ते ओशाळले. मी म्हणालो, असू द्या. परंतु त्यांच्या प्रश्नास मी उत्तर दिले नाही, हे आपणास सांगतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. पात्याच्या धारेवर पितळी पट्टी असावयास हवी, ती नाही. तिच्या खिळ्यांची बारीक भोके ओळीने आहेत. "पडताना तुटली आसती तर लाकूड फाटलं आसतं. ही कुणीतरी सवडीनं चाकूनं उचकटलीया," असे ते म्हणाले.

म्हणजे युद्धकाळात आपल्या परिसरात एखादे विमान उतरले अथवा पडले असले पाहिजे. ते कधी? पट्टी कोणी काढली? आपण त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे असाल. विमान उतरलेले माणूस विसरत नाही.

आपला,
ना. ग. सरगर

*

धामणमाळ,
५ एप्रिल

दाजी,

ते लाकूड जाळा. बंबात घाला, सकाळच्याला आंघुळीचं पाणी तापंल. कोरेगावच्या माणसाला कायबी सांगू नगा. हरणी गेली, तिच्याबरूबर गेलं समजा.

ह्यावर मला पुन्यांदा लिवू नगा.

भाऊसो

*

सातारा,
१० एप्रिल १९७६

श्री. भाऊसो,

आपण लिहू नका म्हणता. मला लिहिणे भाग आहे. पाते बंबात घातलेले नाही व घालणार नाही.

आपली बहीण माझ्याकडे काही मागणारी बाई नव्हती. लुगडे फाटेपर्यंत ती दुसरे मागत नसे, आणि ते माझ्या लक्षात येत नसे. तिने तीस वर्षांत एक गोष्ट मागितली व मी 'देतो' म्हणालो. आपण ती मोडावयास सांगत आहात. कारण असेल तर लिहा. कारण कसेही असले तरी मी आपणास दाजी म्हणूनच उत्तर देईन.

नाथाजी

*

धामणमाळ,
२१ एप्रिल

दाजींस रामराम.

आठ दिस कागूद पुढ्यात ठिवून बसलो. आता लिवतो. वाचून झाल्यावर ठिवा नायतर फाडा.

चव्वेचाळीस साली, सुगी झाल्यावर, आमच्या गायरानात विमान उतरलं. इंजान बंद पडलं व्हतं म्हणं. मेंढरं उधळली. ते नाकावर गेलं आन् पंखा मोडला. आतला गोरा लंगडत भाईर आला, आमच्या बानं त्याला ताक दिलं. दुसऱ्या दिशी मिलिटरीची गाडी आली, समदं मोजून घेऊन गेली. पंख्याचं एक पातं कमी भरलं.

ते धुळाला घावलं व्हतं. धुळा आमच्या मेंढरांच्या वाड्याचा मेंढका, वीस-बावीस वर्साचा आसंल. त्यानं चाकूनं पितळ काढलं, मेंढ्याच्या गळ्यात घंटी करायला. लाकूड हरणीनं मागितलं. ती तवा तेरा वर्साची. म्हणली, "धुळादा, ह्ये मला दे. हे वर कसं जातं ते बघायचंय." त्यानं दिलं. तिनं कडब्याच्या गंजीत लपीवलं.

तुमास्नी ठाव हाय, ते दिस भूमिगतांचे. आमचा बा रातच्याला त्यास्नी भाकरी द्यायचा, फौजदाराला वास लागला व्हता. फौजदार आला, धुळाच्या खोपीत पितळ घावलं. "पातं कुठाय? कुणाला दिलंस?" धुळा म्हणला, "जाळलं." मारलं त्याला. धा दिस आत ठिवलं.

सुटून आल्यावर पंच बसलं. बिरोबाच्या देवळात हळदीचा भंडारा म्होरं ठिवला. पंच म्हणलं, "उचल भंडारा आन् सांग, मी लाकूड जाळलं. उचललास तर इषय मिटला." धुळानं हात पुढं केला न्हाई. देवाचा भंडारा घेऊन खोटं कसं बोलंल? आन् खरं बोलला आसता तर हरणीचं नाव, आन् फौजदार आमच्या बाच्या दारात. तो नुसता हुबा ऱ्हायला. भंडारा उचलत न्हाई म्हंजी चोर. पंगतीतनं उठीवला. त्यो आपल्या मेंढ्या घेऊन गेला तो पुन्यांदा आला न्हाई.

हरणीनं लपीवलं आन् हरणी गप ऱ्हायली. एवढंच हाय. म्हणून म्हणलं जाळा. मेल्याली बहीण आता चोर ठरवू नगा.

भाऊसो

*

सातारा,
२७ एप्रिल १९७६

प्रिय भाऊसो,

पत्र फाडले नाही. ते तिच्या ट्रंकेत ठेवले आहे.

एक गोष्ट प्रथम माझ्या वाट्याची. लग्नानंतर तिने पाते माझ्यापुढे ठेवून 'पाणी का वारं' असे विचारले होते. आज मला दिसते की ती माझी परीक्षा घेत नव्हती. ती बोलण्यास दार शोधत होती. मी 'वारे' म्हणालो असतो, निदान 'ठाऊक नाही' म्हणालो असतो, तर तिने त्याच दिवशी धुळाचे नाव घेतले असते. देश स्वतंत्र झाला होता, फौजदाराचे भय संपले होते. मी पाणचक्कीवर व्याख्यान दिले. जो माणूस एवढ्या खात्रीने चुकतो त्याला पुढे काय सांगावे, असे तिला वाटले असल्यास मी तिला दोष देत नाही. धुळाची तीस वर्षे माझ्याही खाती जातात.

आपण म्हणता, मेलेली बहीण चोर ठरेल. भाऊसो, ती ज्याचे त्याला देण्यास सांगून गेली आहे. लाकडाने धुळाचे काय भरून निघणार? त्याचे गेले आहे ते नाव. ते जेथे गेले तेथेच परत देता येईल.

म्हणून मी ठरविले आहे. धुळा हयात असल्यास त्याला घेऊन बिरोबाच्या देवळात येईन व सर्वांसमोर भंडारा उचलून सांगेन, की हे लाकूड माझ्या घरात होते. लग्नात मी कपाळास भंडारा लावून घेतला नव्हता, विज्ञान शिकलो आहे असे म्हणालो होतो, हे आपणास आठवत असेल. देव आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. परंतु त्या मुठीत खोटे बोलता येत नाही म्हणून एक माणूस गाव सोडून गेला, एवढे प्रमाण मला पुरेसे आहे.

धुळा कोठे आहे, हे आपणास माहीत असावे असे वाटते.

नाथाजी

*

धामणमाळ,
८ मे

दाजी,

तुमचं पत्र दगडाबाईला वाचून दाखवलं. मी म्हणलं, दाजींचं डोकं फिरलं. ती म्हणली, "फिरलं न्हाई, आत्ता कुठं जाग्यावर आलंय." दोन दिस घरात भांडाण. माझ्या पोरी सासरी हायत्या, त्यास्नी काय तोंड दावू? तुमी सातारला निघून जाशीला, हितं ऱ्हायचं आमास्नी.

पर तुमी ऐकायचं न्हाई. हरणी म्हणायचीच, "आमचं मास्तर एकदा बोललं की फळा पुसत न्हाईत."

धुळा जित्ता हाय. फलटणच्या अलीकडं वस्ती करून हाय. मला ठाव हाय, कारण दर वर्साला मी तिकडनं बाजाराला जातो आन् त्याच्या वस्तीवरनं मान खाली घालून पुढं जातो. कधी थांबलो न्हाई.

तेवीस तारखंला ऐतवार हाय, देवाचा वार. माणसं आसतील. या.

भाऊसो

*

सातारा,
३१ मे १९७६

कै. सौ. हरणाबाई नाथाजी सरगर,

तुला दिलेला शब्द पुरा झाला. तो कसा झाला ते क्रमाने लिहितो.

२० तारखेस एस. टी. ने फलटणला गेलो. धुळाची वस्ती उसाच्या फडांपलीकडे आहे. तो आता चोपन्न वर्षांचा आहे, केस पांढरे, एक कान बहिरा. मी माझे नाव, पदवी व येण्याचे कारण सांगितले. त्याने सर्व ऐकले आणि विचारले, "हरणीचा मालक व्हय तुमी?"

"होय."

"ती का न्हाई आली?"

मी सांगितले. तो उठून मेंढ्यांकडे गेला, बऱ्याच वेळाने परत आला. मी घोंगडी सोडून पाते पुढे ठेवले. त्याने ते हातात घेतले, उलटसुलट केले. "एवढंसंच व्हतं व्हय हे? माझ्या ध्यानात लय मोठं व्हतं, गाडीच्या जुवाएवढं." मग हसला. त्याला तीन दात आहेत.

तुझ्यावर त्याचा राग असेल या समजुतीने मी तुझ्या वतीने क्षमा मागू लागलो. त्याने मला थांबविले. "आवं मास्तर, मी आत व्हतो तवा माझ्या मेंढ्यास्नी धा दिस त्या पोरीनं पाणी पाजलं. आडातनं शेंदून. हात सोलून निघालं व्हतं तिचं. चाळीस मेंढ्या, एक मेली न्हाई. त्याच घेऊन मी हितं आलो, त्यांच्यावरच हे समदं उभं ऱ्हायलं." हे तू मला कधी सांगितले नाहीस. तुझ्या तळहातावरच्या त्या दोन खुणा मी जात्याच्या समजत होतो.

धामणमाळला यायला तो तयार नव्हता. "आता तिथं माझं कोण हाय? मेलं समदं." मी म्हणालो, जे जिवंत आहेत त्यांना अजून तुम्ही चोर म्हणून माहीत आहात. सकाळी तो पटका बांधून तयार होता.

रविवारी देवळासमोर शंभरएक माणसे होती. जुन्या पंचांपैकी एकटे गुंडा पाटील उरले आहेत; त्यांना उचलून आणले होते. भंडाऱ्याचे ताट मध्ये ठेवले. मी चप्पल काढून पुढे झालो. काय बोलावयाचे ते कागदावर लिहून आणले होते, आणि तो कागद शोधण्यात मी थोडा वेळ घालविला.

तेवढ्यात भाऊसो माझ्या पुढून गेले. त्यांनी ताटातला भंडारा मुठीत घेतला व कपाळास लावला.

"दाजी, तुमी बसा," ते म्हणाले. "तुमास्नी मी अर्धं लिवलं व्हतं." मग लोकांकडे वळले. "धुळानं पितळ घेतलं, लाकूड न्हाई. लाकूड आमच्या घरात व्हतं. फौजदार धुळाला मारत व्हता तवा हरणी 'माझ्याकडं हाय' म्हणून पळत सुटली. मी तिला गंजीमागं वढली आन् तिच्या तोंडावर हात दाबून धरला. बा वाचंल म्हणून. ती चावली मला, तरी सोडली न्हाई. पंच बसलं तवाबी मी हितंच हुबा व्हतो. हरणी चोर न्हाई. धुळा चोर न्हाई. मी हाय त्यो."

त्यांनी हात वर करून अंगठ्याखालचा जुना वण दाखविला. गुंडा पाटलांना ऐकू गेले नव्हते, म्हणून एकाने त्यांच्या कानात सर्व पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "मग इतकी वर्सं आमी उगाच ह्याला पंगतीतनं भाईर ठिवला?"

"व्हय," भाऊसो म्हणाले.

धुळा पुढे आला. मला वाटले, मारतो. त्याने भाऊसोंचा तो हात हातात घेऊन वण पाहिला आणि म्हणाला, "चांगली चावली की रं तुला गड्या." त्यावर प्रथम दगडाबाई हसल्या, मग बाया, मग सगळेच, आणि भाऊसो तेथेच खाली बसून लहान मुलासारखे रडले. धुळाने त्यांच्या कपाळास भंडारा लावला. मग माझ्या. मी डोके मागे घेतले नाही.

पंगतीत पहिले ताट धुळाचे होते. तो भाऊसोंना ओढून शेजारी घेऊन बसला. पाते त्याने मांडीवर ठेवले होते. कोणी विचारले, ह्याचं आता काय करणार? "काय न्हाई. दारात हुबं करीन. जाणारा इचारंल, हे काय हाय. मी सांगीन, विमानाचं हाय. आन् माझं हाय."

भाऊसोंनी मला धामणमाळला येऊन राहण्याचा आग्रह केला आहे. विहिरीजवळची खोली त्यांनी सारवून घेतली आहे. मी होकार दिला. तेथील मुलांना संध्याकाळी गणित शिकवीन. जे मला येत नाही ते येत नाही असे सांगून शिकवीन.

सामान काल ट्रकने पुढे गेले. तुझी ट्रंक मी बरोबर नेतो आहे. आज सकाळी दहा वाजता निवासस्थान रिकामे केले, स्वयंपाकघराची खिडकी आतून लावली, दरवाजास कुलूप घातले. दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या व पोच घेतली.

तुझा,
नाथाजी